विणकामाच्या आठवणी, आणि पोरांच्या हातात सुया दिल्याचे अनुभव सांगा

सुलट_उलट : काल राधानगरीच्या एसटीत शेजारी एक काकू विणत बसल्या होत्या. नजर खिडकीबाहेर, हात आपले चालू. भोगावती गेलं, खड्डे गेले, पण एक टाका गळला नाही. मला एकदम आत्ती आठवली. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात तिनं मला शिकवलं तेव्हा मी नऊ वर्षांची. सुया कुठल्या, सायकलच्या दोन तारा! वाकडं टोक तसंच ठेवलं, टाके मागून निसटू नयेत म्हणून. आट्यांचं टोक पायरीच्या दगडावर घासून घासून गोल केलं. बोटांना लोखंडाचा वास यायचा. आत्ती म्हणायची, "सुई आत, दोरा वेढा, ओढ बाहेर, सोड." आता माझी लेक नऊची झालीय आणि मला शिकव म्हणून मागं लागलीय. तुम्ही कसं शिकलात, पोरांना कसं शिकवलंत, सांगा ना.

पेठेतली_आक्का : आमच्याकडं नवी लोकर क्वचितच यायची. थोरल्याचा स्वेटर उसवायचा, धाकटीचा विणायचा. उसवलेली लोकर शेवयांसारखी वळलेली असते. आई ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करायची, धुवायची आणि खाली पितळी तांब्या बांधून वाळत घालायची. सकाळी सरळ! मग मी दोन्ही हात पुढं करून लड धरायची, आई गुंडा करायची. हात खाली आले की ओरडा. कुकर झाला, आले.

रंकाळा७ : मी पुरुष आहे, चालेल ना? अकराव्या वर्षी आंब्यावरून पडलो, पाय प्लास्टरात. दीड महिना घरात. आईनं वैतागून हातात सुया दिल्या. पाय बरा झाला तोवर मफलर झाला होता. तालमीतली पोरं हसली, पण थंडी पडल्यावर दोघं कानटोपी मागायला आले. आता मुलग्याला मीच शिकवतोय.

सुलट_उलट : @रंकाळा७ चालेल म्हणजे काय, लिहाच! कानटोपी दिलीत का मग?

रंकाळा७ : दिली की. एकाची अजून आहे.

माळावरची : लोकरीचं निघालं म्हणून. आमचं गाव पट्टणकोडोलीजवळ. बिरदेवाच्या जत्रेला गेलो की आजोबा घोंगडं हातात घेऊन उलटसुलट बघायचे. दख्खनी मेंढीची लोकर, चरख्यावर काढलेलं सूत, वर चिंचोक्याची खळ. नवं घोंगडं इतकं टोचायचं! पण पावसात तेच डोक्यावर घेऊन आजोबा रानात जायचे. आता विणणारे हात कमी झालेत, फार वाईट वाटतं. विषय सोडून लिहिलं, पण लिहावंसं वाटलं.

कुंभारगल्ली : २०१९ च्या महापुरात आमची खालची खोली पूर्ण पाण्यात होती. ट्रंकेत सासूबाईंनी विणलेला बाळंतविडा होता. टोपरं, मोजे, अंगडं. आठवड्यानं आलो तर सगळा चिखल. पाच वेळा धुतलं. टोपरं तेवढं वाचलं, पिवळट डाग राहिलाय. गेल्या वर्षी नातीला तेच घातलं.

पेठेतली_आक्का : @कुंभारगल्ली अगं बाई. डोळ्यात पाणी आलं. त्या टोपऱ्यावरनं टाके मोजून दुसरं विणून ठेवा बरं का.

दोन_पोरांची_आई : लोकर कुठं घेता? आणि कोल्हापुरात स्वेटरचे दिवस किती, जेमतेम दोन महिने. सुती दोरा घेऊन बघू का?

पेठेतली_आक्का : महाद्वार रोडला बघा, गाडी लांब लावा पण. सुती दोरा शिकणाऱ्याला नको, ताणत नाही, बोटं दुखतात.

विणकर_मावशी : मी सुट्टीत गल्लीतल्या पोरांना शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते. सायकलच्या तारा आता नकोत, फार बारीक. ८ नंबरची सुई द्या. (नंबर वाढला की सुई बारीक होते, दुकानात घोळ होतो.) लोकर जाड आणि फिकी, काळ्यात टाका दिसत नाही. सुरुवातीचे १५ टाके तुम्हीच घालून द्या, ते शिकवत बसलात तर पोर कंटाळून पळतं. सगळ्या सुया (म्हणजे ओळी) सुलटच, साध्या टाक्यानं विणू देत. उलट टाका नंतर. डावखुऱ्या पोराला शेजारी बसवू नका, समोर बसवा, आरशात बघितल्यासारखं जमतं. टाका गळून खालपर्यंत सुटत गेला, शिडी पडली तर क्रोशाची सुई घ्या आणि एकेक पायरी वर चढवा. हे पोरांसमोर करा. सुटलेलं परत उचलता येतं हे दिसलं की त्यांची भीती जाते. माझ्याकडची एक मुलगी तर मुद्दाम टाका सोडायची, शिडी चढवायला.

दोन_पोरांची_आई : मावशी, शाहूपुरीत शिकवता का कुठं?

सुलट_उलट : आज बसलो दोघी. सात सुया झाल्या! पण १५ चे १८ टाके झालेत, कसे ते कळेना.

विणकर_मावशी : सुई सुरू करताना दोरा वरून मागं जात असेल. मग पहिला टाका ओढला जाऊन दोन दिसतात आणि पोर दोन्ही विणतं. दोरा सुईखालून मागं घ्यायला सांगा. उसवू नका.

सुलट_उलट : ती उसवू देतच नाही. उशाशी घेऊन झोपलीय. सुया तेवढ्या काढून ठेवल्या, टाके सेफ्टीपिनेवर घेतलेत.