परग्रहवाले बांधाला बांध लावून राहिले, तर झटका मशीन कोणाची?

पराटीवाला
२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. आमच्या सिंदेवाही तालुक्यावरून आभाळात जळत्या रेघा गेल्या आणि लाडबोरीत तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. आजूबाजूला गोळेही सापडले. मागाहून रॉकेटचे तुकडे म्हणून उलगडा झाला, पण त्या रात्री कोणी विमान म्हणे, कोणी मिसाईल. आमच्या पारावरच्या एका म्हाताऱ्या बुवांनी मात्र एकच विचारलं, "भंगारात कितीले जाईन?"

तेव्हापासून एक विज्ञानकथा डोक्यात आहे. परग्रहवाले येऊन तीस वर्षं झालीत, लढाई संपली आहे, आता ते धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, राहतात. मुद्दा त्यांच्या हत्यारांचा आहे. कथांमधल्या परग्रहवाल्यांच्या बंदुका कधी बिघडत नाहीत. माझ्या शेतातली झटका मशीन, म्हणजे जनावरं लांब ठेवायला कुंपणाच्या तारेत झटके सोडणारी मशीन, दुसऱ्याच पावसाळ्यात बंद पडली. कंपनी म्हणे अख्खं कार्ड बदला. तालुक्याच्या मोबाईलवाल्या पोराने जुन्या इन्व्हर्टरचा एक पार्ट डकवून दिला, दोन वर्षं झाली, रानडुकरं अजून लांब आहेत. तारेला हात लावून पाहा म्हणत नाही, पण टक टक ऐकू येते.

माझं म्हणणं असं की सोबत राहायचं ठरलं की भारी हत्यार हरते आणि दुरुस्त होणारं हत्यार टिकते. तीस वर्षांत त्यांची किरणबंदूक भंगारात जाईल आणि त्यांची पोरं आपली झटका मशीन विकत घेतील. पटते का?

मास्तर_भौतिक
नाही पटत. तुम्ही अंतर विसरलात. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षं दूर. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर १ हे अंतराळयान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जाते. त्या वेगाने तिथे पोचायला ७५ हजार वर्षं लागतील. म्हणजे जे इथवर आले, त्यांच्याजवळ प्रकाशाच्या निदान दहाव्या हिश्श्याचा वेग असणार. आता त्या वेगाने फक्त एक किलोचं वजन सोडा. गंजातला तांदूळ समजा. १०० किलोटनांहून जास्त टीएनटी स्फोटकाची ऊर्जा होते. हिरोशिमाचा बॉम्ब १५ किलोटनांच्या आसपास होता.

त्यांना बंदूक लागतच नाही, त्यांचं इंजिन हेच हत्यार आहे. लोणारचं विवर पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आहे, आभाळातून आलेल्या दगडाने काळ्या पाषाणात खणलेलं, आणि तो दगड तर त्या मानाने रांगत आला होता. तुमचा मोबाईलवाला पोरगा तिथे कोणता पार्ट डकवणार?

पराटीवाला
मास्तर, गणित मान्य. पण लोणार ज्या दगडाने केलं तो तिथे राहायला आला नव्हता. माझ्या वाड्यात ट्रॅक्टर उभा आहे, भावकीतल्या कोणाचंही घर पाडू शकतो. धुऱ्याच्या भांडणात आजवर कोणी ट्रॅक्टर काढला नाही, काठ्याच काढल्या. का? कारण पेरणीले तोच ट्रॅक्टर सगळ्यांना लागते.

मास्तर_भौतिक
काठ्या काढल्या कारण दोघांकडे काठ्या होत्या. एकाकडेच ट्रॅक्टर असता तर भांडणच झालं नसतं, धुरा गुपचूप सरकला असता.

येडा_रघ्या
मास्तर, मले तुमचं गणित समजत नाई, पन अळी समजते. २००२ मधी बीटी, म्हंजे अळी मारनारं कपाशीचं बियाणं, आलं तवा लोक म्हणत, आता बोंडअळीचं नाव घेऊ नका. २०१७ ले आमच्या वावरात पराटी, म्हंजे कपाशी, डोक्याएवढी, बोंडं गच्च. एक बोंड फोडलं त अंदर गुलाबी अळी आरामात बसून. दुसरं फोडलं, तिथंबी तेच. पंधरा वर्षांत अळीनं हत्याराचा तोड काढला, अन् तिले शाळाबी नाई. मानसाले तीस वर्षं देऊन राह्यले तुम्ही.

अन् किरणबंदूक म्हणता त चंद्रपूरच्या मे महिन्यात चालवून दाखवा. ४६ डिग्रीत आमचा इन्व्हर्टर आंग टाकते बाप्पा.

मास्तर_भौतिक
लेझरपुरतं रघ्याभाऊंचं मान्य करतो. त्यात घातलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा उष्णता होऊन मशीनमध्येच उरतो, ती बाहेर फेकावी लागते. शिवाय हवेतली धूळ किरण विखरवते. मळणीच्या दिवसात लेझर चालवणं म्हणजे भुशातून टॉर्च मारणं. अंतराळातही सुख नाही, तिथे वारा नाही, उष्णता फक्त प्रारणानेच जाते, म्हणून जहाजाला सुपासारखे मोठे रेडिएटर लागतील. कथेत ते दाखवा, छान दिसतील. पण अळीचं उदाहरण इथे चालत नाही. अळीच्या वर्षभरात अनेक पिढ्या होतात, माणसाची तीस वर्षांत जेमतेम एक.

जंगलकाठची
तुम्ही सगळे पुरुष हत्यार म्हणजे बंदूकच धरून बसले. मी ब्रह्मपुरीकडची. आम्ही आत्ताच एका दुसऱ्या जातीसोबत राहतो, जिची भाषा आम्हाला येत नाही आणि जी आमच्याहून ताकदवान आहे. पहाटे मोहफुलं वेचायला जातो तेव्हा चार जणी बोलत बोलत जातो, म्हणजे वाघाला आधीच कळावं. वाकून एकटीने वेचायचं नाही, हा नियम. वाकलेली बाई त्याला बाई वाटत नाही म्हणतात.

आता झटका मशीनचं ऐका. पराटीवाल्यांची मशीन क्षणभराचे ठोके देते, जनावर दचकून पळते. पण ज्याच्याकडे मशीनला पैसे नाहीत तो मोटारपंपाच्या लाईनवरून सरळ करंट सोडतो. लावतो डुकरासाठी, मरतो वाघ. कधी शेजारचा माणूस मरतो, रात्री पाणी द्यायला आलेला, कारण शेतीची लाईन रात्रीची असते. ही झाली "दुरुस्त होणारी" हत्यारं. सोपं हत्यार टिकते खरं, पण कोणाच्या जीवावर?

आणि खरं हत्यार तर फवारणीचा पंप आहे. २०१७ लाच यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त जण गेले. फवारणीतली ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं आणि सरीन हा युद्धातला विषारी वायू, दोन्ही शरीरातलं एकच एन्झाइम बंद पाडतात. आता तुमचा परग्रहवाला बेडकासारखा कातडीतून श्वास घेणारा निघाला तर? आपण म्हणू अळी मारली. तो म्हणेल, माझ्या लेकरांवर रासायनिक हल्ला झाला. वारा कोणीकडे होता एवढ्यावर युद्ध.

येडा_रघ्या
ताई, हे त पंचायतीत रोजचंच हाय. "तुह्या फवाऱ्यानं माह्या मधमाशा मेल्या."

पराटीवाला
ताई, कातडीचं मी घेतो. कथेत पहिलं प्रकरणच फवारणीचं करतो. सकाळची वेळ, पंप पाठीवर, तोंडाला दुपट्टा, आणि धुऱ्यापलीकडे ते लोक ओळीने उभे, नुसते वाऱ्याकडे पाहत. करंटवाल्या तारेबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या गावातही दोघांनी लावली आहे, सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही.

दुरुस्तीचा हट्ट सोडत नाही पण.

मास्तर_भौतिक
सोडू नका, कथा तुमची. फक्त एक सांगा. ते जहाज तीस वर्षं कुठे उभं आहे, आणि त्याची चावी कोणाजवळ आहे? हे न सांगता धुऱ्याचं भांडण लिहिलंत तर मी प्रत्येक पानावर आभाळाकडेच पाहत राहीन.

जंगलकाठची
आणि चावी असलेल्याच्या घरी जेवायला कोण कोण जाते, तेही लिहा.

पराटीवाला
जहाज घोडाझरी तलावात बुडवून ठेवलं आहे असं लिहिलं होतं. चावीचा विचारच केला नव्हता. आज रात्री लाईन येईपर्यंत बसतो.