चढताना काही नाही, उतरताना शेवटच्या तासात गुडघा आणि टाच का दुखते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या अनगोळची, वय ४४, शाळेत शिकवते, म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास उभीच. गेली तीन वर्षं रविवारची पहाट येळ्ळूरच्या राजहंसगडाची. अधूनमधून चंदगडकडे महिपाळगड नाहीतर कलानिधीगड. चढताना दम लागतो, पण पाय दुखत नाहीत. त्रास सगळा उतरताना.

गेल्या महिन्यात कलानिधीगडावरून अर्धी वाट छान उतरले. मग मांड्या थरथरायला लागल्या, पण ऊन चढत होतं म्हणून थांबले नाही. मागून भाची येत होती. ती म्हणाली, "मावशी, तुझ्या पावलांचा आवाज बदलला की." खरंच बदलला होता. आधी अलगद टेकणारं पाऊल थाडथाड आपटत होतं. तिथून पुढे डाव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ सुरू झाली आणि दोनदा घोटा मुरगळता मुरगळता राहिला. घरी येऊन बूट काढले तर अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरून फरशीवर टाच टेकवली आणि खिळा रुतल्यासारखं झालं. न्हाणीघरापर्यंत चवड्यावर गेले. थोडं चालल्यावर कमी झालं, पण तेव्हापासून रोज सकाळी तेच.

एका डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे बघून हाडात काही नाही म्हणाले, "या वयात डोंगर कशाला?" असं विचारून गोळ्या लिहून दिल्या. मला फार वाईट वाटलं. दिवाळीनंतर मुलाला कळसूबाईला न्यायचा शब्द दिलाय. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. तिथून उतरताना असं झालं तर? हे दुखणं सांध्याचं आहे की थकव्याचं? थकलेल्या पायांनी उतरत राहिलं तर सांधा कायमचा बिघडतो का?

प्रतिसाद:

ताई, भाचीने नेमकं हेरलंय. मी खानापूरचा, फिजिओथेरपी करतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. स्वतः ताणला जात असतानाच जोर लावून गुडघा हळूहळू वाकू देतो. तो दमला की पाय ताठ पडतो आणि स्नायूने पचवायचा धक्का गुडघ्याच्या वाटीवर जातो. घोट्याभोवतीचे स्नायू दमले की वाकडं पडलेलं पाऊल सावरायला उशीर होतो, मुरगळायला तेवढं पुरतं. आणि उतारावर दम लागत नाही, त्यामुळे पाय थकलेत हे आपल्याला कळतच नाही. एका ट्रेकने सांधा कायमचा जात नाही, पण दर वेळी असंच रेटत राहू नका.

सकाळची कळ वेगळी. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. पोटरी आखडली की त्याच्यावर ताण येतो. रात्री तो आक्रसतो आणि पहिल्या पावलाला एकदम ओढला जातो. उठण्याआधी अंथरुणातच पायाची बोटं हाताने मागे ओढा, दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून पोटरी ताणा. फरशीवर अनवाणी नको. बरं व्हायला महिने लागू शकतात, धीर धरा.

मांडीसाठी पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच खाली टेकवायची, तीन मोजत, सावकाश. तुम्हाला उतरायचाच सराव हवाय. काठ्या दोन घ्या, उतारावर गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो. उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, म्हणजे पाऊल पुढे सरकून नख आपटणार नाही. मांडी थरथरली की बसायचं, ऊन असलं तरी. गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना एकदम निसटल्यासारखा झाला तर मात्र हाडांच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. असं समजावून कुणी सांगितलंच नव्हतं. काल रात्री जिन्यात करून बघितलं. उजव्या पायावर बारा वेळा जमलं. डाव्यावर पाचव्यालाच मांडी लटपटली, तीन मोजायच्या आत टाच धपकन पडली. कळ येते तोच पाय. मग सराव दोन्ही पायांचा सारखा करू की डाव्याचा जास्त? आणि येत्या रविवारी राजहंसगडावरून गाडीरस्त्याने सावकाश उतरले तर चालेल, की टाच बरी होईपर्यंत तेही नको?