मदत हवी आहे : आप्पांचा आयशर दहा मिनिटं चालतो आणि बंद पडतो

कपाशी_पारोळा · बुधवार, रात्री 10:40
मंडळी, लवकर सांगा, डोकं बंद झालंय. ट्रॅक्टर एका सेल्फमध्ये चालू होतो, दहा-बारा मिनिटं झकास चालतो, मग दम लागल्यासारखा करतो आणि बंद. अर्ध्या तासाने परत चालू. परत तेच. मिस्तरीने नोझल (इंजिनात डिझेल फवारतं ते) बदललं, डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले, डिझेलच्या पाइपातली हवा दोनदा काढली. 4,300 रुपये गेले, आणि आता तो फोन उचलत नाही. आखाजी (अक्षय तृतीया) होऊन दहा दिवस झाले, वावर तसंच पडलंय, मृगाच्या आत वखरणी झाली पाहिजे. अनुभव असेल त्यांनीच सांगा. फालतू सल्ले नकोत.

नोझलदादा · रात्री 10:52
नोझल बदललं म्हणजे काय केलं? नवीन टाकलं की जुनंच साफ करून बसवलं? प्रेशर टेस्ट मशीनवर तपासलं का? शंभरातल्या नव्वद केसमध्ये नोझल नाहीतर पंपाचा एलिमेंट (डिझेलला दाब देणारा आतला दट्ट्या) असतो. पंप उतरवून जळगावला आणा.

हिरवं_शिवार · रात्री 11:05
सगळ्यात आधी रेडिएटर बघा भाऊ. पाणी पूर्ण आहे का, होज पाइप फुगलाय का, थर्मोस्टॅट अडकलाय का. उन्हाळ्यात साधं पाणी टाकू नका, कूलंट टाका. माझा असाच बंद पडायचा, रेडिएटर खोलून कॉस्टिकने धुतला, तेव्हापासून तक्रार नाही.

गॅरेजकट्टा · रात्री 11:20
आयशर म्हणजे कोणता आयशर? किती सिलिंडर? बंद पडताना हळूहळू मरतो की एकदम खटकन? धूर कोणता, काळा की पांढरा? लोडवर बंद पडतो की जागेवर उभा असतानाही? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

कपाशी_पारोळा · रात्री 11:31
जुना आयशर म्हटल्यावर सगळ्यांना कळतं असं वाटलं. एक सिलिंडर, एअर कूल्ड. रेडिएटर नाहीच त्याला, पाणी कुठे ओतू? धूर काही खास नाही. उभ्यानेही बंद पडतो.

हिरवं_शिवार · रात्री 11:34
मग बरोबर आहे. पाणीच नाही म्हणून गरम होतोय.

तापीकाठ · गुरुवार, सकाळी 6:15
😀 शिवार भाऊ, त्याला कंपनीनेच पाणी दिलेलं नाही.
एक सिलिंडरवाला आयशर! सकाळी सकाळी जीव सुखावला. आमच्या चोपड्याकडे गल्लीच्या तोंडाशी आला की घरात कळायचं, डग... डग... डग... दोन डगांच्या मध्ये माणूस चहाचा घोट घेऊन टाकेल. फरिदाबादच्या कारखान्यातून पहिला आयशर 1959 साली निघाला, जर्मन कंपनीच्या सहकार्याने. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर म्हणून त्याचंच नाव घेतात. 2005 मध्ये आयशरचा ट्रॅक्टरचा धंदा टाफे या ट्रॅक्टर कंपनीने घेतला. पार्ट लागले तर टाफेच्या आयशर डीलरकडे विचारा, आणि पार्ट नंबर जुन्या पार्टवरूनच वाचून न्या. नुसतं "जुना आयशर" सांगून काउंटरवरचा पोरगा तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. फोटो टाका ना.

वखरपाटील · सकाळी 7:02
एअर कूल्ड म्हणजे गरम होऊन दाबतोय. जळगाव-धुळ्यात सध्या 44 च्या वर चाललंय. ब्लोअरचा पट्टा ढिला असेल, नाहीतर सिलिंडरच्या पंख्या (गार होण्यासाठी बाहेरून असलेल्या पट्ट्या) मातीने बुजल्या असतील. कपाशीवाल्यांच्या ट्रॅक्टरमध्ये कापसाचे धागे, काडीकचरा आणि तेलाचा चिकटा यांचं मिळून गोधडीसारखं थर बसतं. एका ट्रॅक्टरच्या पंख्यांमधून मी स्वतः मुठीएवढं चिमणीचं घरटं काढलंय. ब्लोअरचं पत्र्याचं कव्हर काढून साफ करा. थंड झाल्यावर परत चालू होतो म्हणजे गरमीच, दुसरं काही नाही.

नोझलदादा · सकाळी 7:20
गरमीने इतक्या लवकर बंद पडत नाही पाटील. एलिमेंट झिजला असला की डिझेल गरम होऊन पातळ होतं आणि पंप प्रेशर सोडतो. तेच "थंड झाल्यावर चालू" असं दिसतं.

वखरपाटील · सकाळी 7:26
दहा मिनिटांत जागेवर उभं राहून पंप किती गरम होणार? तुमच्याकडे माणूस सर्दी घेऊन आला तरी तुम्ही त्याचं नोझल तपासाल.

गॅरेजकट्टा · सकाळी 7:45
भांडू नका, तपासणी सोपी आहे. गरमीने पिस्टन धरत असेल तर बंद पडल्या पडल्या इंजिन हाताने फिरवून बघा, जड लागेल, सेल्फही कण्हत फिरेल. मोकळं फिरत असेल तर गरमीचा विषय सोडा आणि डिझेलच्या मागे लागा. आणि भाऊ, "दम लागल्यासारखा" म्हणजे आवाज वरखाली होत होत मरतो ना? ती डिझेल कमी पडल्याची खूण. काळा धूर ओकत मेला असता तर हवा कमी किंवा लोड जास्त म्हटलं असतं.

कपाशी_पारोळा · सकाळी 9:10
फिरवून बघितलं, मोकळा फिरतो. कव्हरही काढलं, पंख्या स्वच्छ आहेत. रंग मारताना सगळं धुतलं होतं.

गॅरेजकट्टा · सकाळी 9:14
रंग कधी मारला? त्याच्या आधी ट्रॅक्टर चालू होता का?

कपाशी_पारोळा · सकाळी 9:30
चार वर्षं खळ्यात उभा होता. आप्पांचा जीव आहे त्याच्यावर, म्हणून त्यांच्या पंच्याहत्तरीला नवा करून द्यायचा ठरवला. इंजिनचं काम फेब्रुवारीत झालं, तेव्हा बाहेरूनच डब्याने डिझेल देऊन दोन तास चालवून बघितलं होतं, काहीच त्रास नाही. मग रंग मारून जोडणी केली. रंगाचा आणि बंद पडायचा काय संबंध?

गॅरेजकट्टा · सकाळी 9:41
चार वर्षं उभा होता हे आत्ता सांगताय! आणि डब्यावर दोन तास चालला हे तर पहिल्या ओळीत पाहिजे होतं. डब्यावर चालतो आणि टाकीवर मरतो, मग पंप, नोझल, एलिमेंट सगळे निर्दोष सुटले. बिघाड टाकी ते फिल्टर एवढ्याच टप्प्यात आहे. खात्रीसाठी परत एकदा सलाईन लावा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन उंचावर टांगायचा, नळी थेट फिल्टरच्या तोंडाला.

केळीबाग_रावेर · सकाळी 10:05
कशाला त्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरमध्ये पैसे घालता? मिनी ट्रॅक्टर घ्या 18 एचपीचा, केळीच्या दोन ओळींतूनही निघतो. महाडीबीटीवर अर्ज करा, नंबर लागला तर अनुदान मिळतं.

कपाशी_पारोळा · सकाळी 10:09
अनुदान कोणी विचारलं?

बैलजोडी_झिंदाबाद · सकाळी 10:30
बैल दहा मिनिटांनी बंद पडत नाहीत. एवढंच बोलतो.

तापीकाठ · सकाळी 10:48
बैलजोडीचा आजचा भाव पण सांगा मग. आणि वर्षभराचा कडबा.

सुसाट · सकाळी 11:15
डिझेलमध्ये अर्धा लिटर रॉकेल टाका, सगळा कचरा जाळून काढतं. आमचे काका टाकायचे.

नोझलदादा · सकाळी 11:18
अजिबात टाकू नका! पंपाला आणि नोझलला वंगण डिझेलचंच असतं. रॉकेल कोरडं, एलिमेंट घासला जातो. असे काका आहेत म्हणून आमची दुकानं चालतात.

अमळनेरची_लेक · दुपारी 12:20
दादा, माझ्या वडिलांचं पंप-नोझलचं दुकान होतं, टेस्ट बेंचशेजारी बसूनच मी शाळेचा अभ्यास केलाय. दोनच गोष्टी विचारते, जशा घडतात तशाच सांगा.
एक, बंद पडल्यापासून परत चालू करेपर्यंत तुम्ही नेमकं काय काय करता? मामुली वाटलं तरी लिहा.
दुसरं, टाकी भरलेली असताना लवकर बंद पडतो की खाली असताना?

कपाशी_पारोळा · दुपारी 1:05
काय करणार ताई, शिव्या देतो. मग काटा चालत नाही म्हणून झाकण उघडून तुराटी घालून डिझेल बघतो. झाकण लावतो, कडुलिंबाखाली बसतो, चहा येतो, मग सेल्फ मारतो.
दुसऱ्याचं म्हणाल तर नवलच आहे, काल टाकी गळ्यापर्यंत भरली तर सहा मिनिटांतच बंद. म्हणजे डिझेल कमी पडतंय असंही नाही ना.

अमळनेरची_लेक · दुपारी 1:12
झाकण उघडताना आवाज येतो का?

कपाशी_पारोळा · दुपारी 1:20
हो, सुस्कारा टाकल्यासारखा. उन्हाने आत गॅस धरत असेल असं वाटलं.

अमळनेरची_लेक · दुपारी 1:35
गॅस बाहेर येत नाही दादा, हवा आत जातेय. टाकीतून जेवढं डिझेल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, ती डिझेलला वर ओढून धरते आणि इंजिन उपाशी मरतं. टाकी गळ्यापर्यंत भरली की वर हवेला जागा थोडीच उरते, म्हणून पोकळी लवकर होते. तुमचे सहा मिनिटं तेच सांगतात. तुम्ही तुराटी घालायला झाकण उघडता, हवा आत जाते, ट्रॅक्टर तिथेच बरा होतो. पुढचा अर्धा तास तुम्ही चहा पिता आणि श्रेय थंडाव्याला देता.
झाकण ढिलं ठेवून चालवा, जागेवर उभा ठेवूनच. झाकणाला रंग मारलाय का?

वखरपाटील · दुपारी 1:50
चार वर्षं उभा होता तर कुंभारीण माशीने भोकात माती भरली असेल. आमच्या स्प्रेपंपाच्या नळीत भरते.

कपाशी_पारोळा · दुपारी 2:15
रंग नाही, माती नाही. ताई, झाकणाला भोकच नाही. 🙏
आता खरं सांगतो. मूळ झाकण मी शाळेत असताना हरवलं. आप्पांनी पुढे कायम टाकीच्या तोंडाला धोतराचं फडकं दुमडून सुतळीने बांधलं. नव्या रंगावर ते फडकं बरं दिसेना, म्हणून मी धुळ्याच्या भंगार बाजारातून चकचकीत स्टीलचं झाकण आणलं, आतून रबरी वायसर लावून घट्ट बसवलं, डिझेल डुचमळून नव्या रंगावर सांडायला नको म्हणून. ते कशाचं झाकण आहे देव जाणे.

गॅरेजकट्टा · दुपारी 2:18
बठ्ठं सांग ना भो, आर्धं कशाले सांगस! दोन दिवस आम्ही पंप उतरवत बसलो.

कपाशी_पारोळा · दुपारी 4:40
झाकण नुसतं टेकवून ठेवलं. सव्वा तास चालला, शेवटी मीच बंद केला. आप्पा ओट्यावर बसून बघत होते. मी सगळं समजावून सांगितलं तर म्हणाले, "मी तुले पहिल्याच दिशी सांगं व्हतं, फडकं कथा गयं म्हणून." फडकं कुठे गेलं म्हणून त्यांनी खरंच विचारलं होतं. मला वाटलं आठवण म्हणून विचारतायत.
ताई, आता याच झाकणाला भोक पाडू का? ड्रिल आहे घरी.

अमळनेरची_लेक · शुक्रवार, सकाळी 8:30
पाडा, पण टाकीवरून काढून पाडा, चुरा आत पडला तर फिल्टर गेलाच म्हणून समजा. भोक बारीकच, सायकलच्या स्पोकएवढं, आणि आतल्या बाजूने काठ घासून साफ करा. वरून धूळ-पाऊस जायला नको म्हणून भोकावर पत्र्याची छोटी टोपी वाकवून लावा, हवेला बाजूने वाट ठेवा. जमलं तर त्या टाकीचं खरं झाकणच शोधा.
आणखी एक. चार वर्षं उभ्या टाकीत तळाला पाणी आणि गंज असणार. खालचा ड्रेन खोलून पहिलं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि रात्रभर ठेवा. पाणी जड, ते तळाशी वेगळं दिसेल. लाल गाळ आला तर टाकी उतरवून धुवा, नाहीतर तुमचे नवे फिल्टर महिनाभरही टिकणार नाहीत.

नोझलदादा · सकाळी 8:44
ताईंचं बरोबर निघालं, मान्य. तरी सीझनआधी नोझल मशीनवर एकदा बघून घ्या. आणि हवा काढताना नोझलच्या पाइपचा नट ढिला करून सेल्फ मारतात तेव्हा बोट समोर धरू नका. ती धार कातडी भेदून आत जाते, टोचल्यासारखं दिसतं आणि पुढे हात सडायची वेळ येते. तसं झालं तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना.

हिरवं_शिवार · सकाळी 9:00
आणि पाणी रोज सकाळी तपासत चला.

कपाशी_पारोळा · रात्री 9:25
बाटलीत बोटभर पाणी आणि विटकरी गाळ आला. उद्या टाकी उतरवतो. तोपर्यंत आप्पांनी स्टीलचं झाकण कुठेतरी ठेवून दिलंय आणि फडकं बांधलंय. ट्रॅक्टर निळा, फडकं पांढरं, वरून सुतळी. फोटो टाकणार नाही.

केळीबाग_रावेर · रात्री 9:40
मिस्तरीने काढलेलं जुनं नोझल आहे का तुमच्याकडे? चांगलंच असणार ते. आमच्या चुलत्यांचाही एक सिलिंडरवाला आहे, देत असाल तर किंमत सांगा.