'राज्यात हरलात? फेडरलमध्ये जा!' हा सल्ला देणं बंद करा

जर्सीकर: अमेरिकेतल्या कोर्टांबद्दल कालच्या पोस्टमध्ये एकाने ठोकून दिलंय, 'स्टेट कोर्टाने अन्याय केला तर फेडरलमध्ये कलम १९८३ चा दावा लावा.' (म्हणजे राज्याच्या अधिकाऱ्यांनी घटनेतले हक्क मोडले म्हणून भरायचा दावा.) अहो, लोक असलं वाचून पैसे भरून बसतात! १९२३ च्या रूकर निकालापासून ठरलेलं आहे: राज्याच्या कोर्टाचा निकाल फिरवायचा अधिकार फेडरल कोर्टांपैकी फक्त अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला. राज्यातली अपिलं संपवा, मग ९० दिवसांत तिकडे अर्ज करा. फेडरल डिस्ट्रिक्ट जज तुमचं अपील ऐकायला बसलेला नाही.

डेट्रॉइटचा_दादा: अर्धवट ज्ञान! २००५ च्या एक्झॉन मोबिल निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश गिन्सबर्गबाईंनी या तत्त्वाला चांगलीच कात्री लावली. आधीच लागलेल्या निकालामुळे नुकसान झालं आणि तोच निकाल मोडून मागताय, तरच हे तत्त्व आडवं येतं. खालची कोर्टं मात्र कटकटीचा दावा दिसला की 'रूकर-फेल्डमन' (रूकर आणि फेल्डमन या दोन निकालांवरून पडलेलं या तत्त्वाचं नाव) म्हणून मोकळी होतात.

फ्लोरिडा_ताई: तत्त्व घाला चुलीत. माझ्या भावाचं घर लिलावात गेलं. नोटीस जुन्या पत्त्यावर, दारात एकदम लिलावाचा कागद. फेडरल कोर्टाने चार ओळींत वाटेला लावलं.

जर्सीकर: वाईट झालं. पण नोटीसच मिळाली नाही, तर त्याच स्टेट कोर्टात निकाल रद्द करून मागायचा. मागितला?

फ्लोरिडा_ताई: वकिलाने सांगितलं असतं तर ना! फी मात्र आगाऊ घेतली. घरबसल्या शहाणपण सोपं असतं.

पुणेकर: म्हणून आपल्याकडचं बरं. तालुक्यापासून दिल्लीपर्यंत एकच उतरंड, वर घटनेचं कलम १३६ आहेच, सर्वोच्च न्यायालयाकडे खास परवानगीने अपील करायचं.

सांगलीवाला: बरं?? आमचा बांधाचा दावा आजोबांनी लावला. ते गेले, वडील वारस म्हणून लागले, आता माझं नाव लागलंय. बांध कधीच नांगरून गेला. दुसरं अपील पडूनच आहे.

पुणेकर: म्हणजे निदान पडून तरी आहे. ताईंचं तर चार ओळींत संपलं.

सांगलीवाला: पुण्यात बसून बोला. तारखेला रजा मी टाकतो.

डेट्रॉइटचा_दादा: मूळ मुद्द्यावर या. २०११ मध्ये टेक्सासच्या फाशीच्या कैद्याला, स्किनरला, फेडरल कोर्टाचं दार उघडलं की नाही?

जर्सीकर: उघडलं. कारण त्याने निकालाला हात न लावता राज्याच्या डीएनए चाचणीच्या कायद्यालाच आव्हान दिलं. सन १९८३ च्या फेल्डमन निकालातही हाच फरक केलाय: नियमावर भांडा, स्वतःच्या निकालावर नाही. बरं, एक्झॉननंतर दार थोडं किलकिलं झालं, मान्य. घ्या, पेढे वाटा. पण कालची पोस्ट 'हरलात तर जा' म्हणते, आणि ती अजून तशीच आहे.