मालिका कट्टा: 'द एक्स्पान्स'चा चौथा भाग

*सोहम (बी-४०४):* सुप्रभात मंडळी. काल रात्री ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी या अंतराळमालिकेचा चौथा भाग 'सीक्यूबी' बघितला ना? थोडक्यात उजळणी: 'कँटरबरी' हे बर्फवाहू जहाज कोणीतरी उडवलं, त्यातून वाचलेले होल्डन, एमस, अॅलेक्स, शेड वगैरे पाच जण मंगळाच्या 'डॉनेजर' या युद्धनौकेवर आहेत, आणि काल तिच्यावर अनोळखी जहाजांनी हल्ला केला. ज्यांचा राहिलाय त्यांनी ग्रुप आत्ताच म्यूट करा, आज मी काहीही लपवून बोलणार नाही. मी तिसऱ्यांदा बघतोय ही मालिका, तरी काल हात गार पडले होते.

*संजय दादा (सी-५०५):* बघितला. शेवटची लढाई एक नंबर. पण त्याआधी चौकशीच चौकशी! तो मंगळाचा अधिकारी लोपेझ औषधाची गोळी तोंडात टाकतो आणि एकेकाकडे टक लावून बघत बसतो. गोळीबार लवकर सुरू करायला काय हरकत होती?

*शैला काकू (बी-२०३):* आधी मला सांगा, शेडला का मारलं? बिचारा बोलत होता. वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. मी तीस-पस्तीस वर्षं वॉर्डात काढली, मरण बघायला मी घाबरत नाही. पण हे मला पटलं नाही. रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही.

*मृण्मयी (ए-३०२):* काकू, मी तर ओरडलेच. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

*संजय दादा (सी-५०५):* काकू, तोच तर धक्का आहे ना!

*शैला काकू (बी-२०३):* धक्का द्यायचा म्हणून एका गरीब माणसाचं डोकं उडवायचं? जहाजावर औषधपाणी बघणारा तो एकटा. त्यालाच?

*सोहम (बी-४०४):* काकू, टीव्हीवाल्यांनी धक्क्यासाठी घुसडलेला प्रसंग नाहीये हा. मूळ कादंबरीतही शेड असाच जातो. आणि कोणी त्याच्यावर नेम धरलेलाच नव्हता. डॉनेजरवर रेलगन नावाच्या तोफेने मारा चालू होता, एक गोळा जहाजाच्या एका बाजूने शिरला आणि दुसऱ्या बाजूने निघून गेला. वाटेत ही खोली होती, खोलीत शेड होता. मारणाऱ्याला तो तिथे आहे हेसुद्धा माहीत नाही.

*शैला काकू (बी-२०३):* हे तर आणखी वाईट.

*सोहम (बी-४०४):* हो. तेच मला म्हणायचंय. या भागात मरण कोणाचं तोंड बघून येत नाही. इतर मालिकांत मुख्य मंडळींच्या कानाजवळून गोळ्या जातात आणि आपल्याला मनातून खात्री असते की यांना काही होणार नाही. इथे चौथ्याच भागात ती खात्री काढून घेतली.

*सर (सी-१०१):* सोहम बरोबर बोलतोय. पण माझ्या मते भागाचा गाभा त्याच्या पुढच्या अर्ध्या मिनिटात आहे. भिंतींना समोरासमोर दोन भोकं, बाहेर निर्वात पोकळी, खोलीतली हवा चाललेली, आणि मित्राचं धड समोर. रडायला वेळ नाही. आधी भोकं बुजवा. हा प्रसंग मी दोनदा मागे घेऊन पाहिला आणि कागद घेऊन बसलो.

*मृण्मयी (ए-३०२):* सर, मांडा ना गणित इथे. 🙏

*सर (सी-१०१):* समजा खोली ६० घनमीटरची, म्हणजे आपल्या दोन खोल्या जोडल्या तर होईल तेवढी. दोन्ही भोकं १० सेंटीमीटर व्यासाची धरू. ही मापं माझी, मालिकेत दिलेली नाहीत. बाहेर पोकळी असली की भोकातून हवा जास्तीत जास्त किती वेगाने जाणार याला मर्यादा असते, ती ध्वनीच्या वेगाशी बांधलेली असते. खोलीतल्या हवेच्या हिशेबात एका भोकातून सेकंदाला साधारण दीड घनमीटर, दोन्हींतून मिळून तीन. म्हणजे १४ सेकंदांत दाब निम्मा आणि २० सेकंदांत जवळजवळ एकतृतीयांश.

*संजय दादा (सी-५०५):* बापरे. चौदा सेकंद??

*सर (सी-१०१):* आणि माणूस किती टिकतो तेही बघ. डिसेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला नासाच्या निर्वात कक्षात जिम लेब्लांक नावाचा तंत्रज्ञ स्पेससूटची चाचणी करत होता. हवेची नळी निसटली. साधारण १४ सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. त्याला आठवत होतं ते इतकंच, की जिभेवरची लाळ उकळल्यासारखी वाटली. लगेच कक्षात हवा सोडली म्हणून तो वाचला आणि ठणठणीत राहिला. तेव्हा या चौघांच्या हालचालींतली घाई अजिबात वाढवून दाखवलेली नाही.

*शैला काकू (बी-२०३):* सर, पण हाताला लागेल ते भोकावर लावलं तर ते टिकेल कसं? ना खिळा, ना डिंक.

*सर (सी-१०१):* फार छान प्रश्न. आतली हवाच ते दाबून धरते. १० सेंटीमीटरच्या भोकावर वातावरणाचा पूर्ण दाब म्हणजे साधारण ८० किलो वजनाइतका जोर. झाकण भोकापेक्षा मोठं आणि मजबूत हवं, एवढंच. उलट ते काढणं अवघड.

*कॅप्टन काका (ए-६०१):* सर, आमच्याकडे उलटा प्रकार. समुद्रात पाणी आत येतं, म्हणून आतून लावलेलं झाकण ते बाहेर ढकलायला बघतं. जहाजावर वेगवेगळ्या मापांचे लाकडी गुट्टे आणि पाचरी ठेवलेल्या असतात. भोक दिसलं की गुट्टा ठोका, कापड कोंबा, वरून टेकू द्या. अंधारात, गुडघाभर पाण्यात याचा सराव घेतला जातो. काल एमस ज्या तऱ्हेने एक शब्द न बोलता कामाला लागला ते बघून मला बरं वाटलं. तो माणूस जहाजावर राहिलेला आहे हे कळतं.

*निनाद (टोरांटो):* इथे रात्रीचे साडेबारा झालेत पण राहवत नाही. 😀 मंडळी, खरं भोक २०१८ च्या ऑगस्टमध्ये सापडलं होतं. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाला जोडलेल्या सोयूझ यानात, साधारण २ मिलिमीटरचं. जर्मन अंतराळवीर अलेक्झांडर गेर्स्टने सुरुवातीला त्यावर बोट ठेवलं! मग पट्टी लावली, आणि शेवटी रशियनांनी कापड आणि इपॉक्सी भरून ते बंद केलं.

*सर (सी-१०१):* अगदी. माझ्या १० सेंटीमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ त्याच्या अडीच हजार पट आहे. म्हणून तिथे बोटाने भागलं.

*कॅप्टन काका (ए-६०१):* आता माझी तक्रार ऐका. लढाई होणार हे डॉनेजरच्या कॅप्टन याओला कळलं होतं. मग त्या पाच जणांना स्पेससूट का दिले नाहीत? कैदी असोत की पाहुणे, युद्धाच्या तयारीचा भोंगा झाला की जहाजावरचा प्रत्येक जीव तयार हवा. तिला वाटलं, मंगळाच्या ताफ्यातलं सर्वांत ताकदवान जहाज, समोर ही अनोळखी चिल्लर, लांबूनच उडवू. तो विश्वास शेडला भोवला. काकू, तुम्हाला राग धरायचाच असेल तर या गोष्टीचा धरा.

*शैला काकू (बी-२०३):* हे पटलं मला. हे कोणी बोललंच नव्हतं.

*सोहम (बी-४०४):* काका, पुढच्या लढायांत बघा, आपली मंडळी आधी सूट चढवतात. इथून शिकतात ती.

*संजय दादा (सी-५०५):* सोहम, एक सांग. मधेच सगळे तरंगायला लागतात, मधेच चालतात. हे काय गौडबंगाल आहे? मला वाटलं दिग्दर्शक विसरला.

*सोहम (बी-४०४):* नाही दादा, तेच तर सौंदर्य! यांच्या जहाजात जमिनीकडे खेचणारं जादूचं यंत्र नाही. जहाज आपल्या इमारतीसारखं समजा: मजल्यावर मजले, आणि तळघरात इंजिन. इंजिन जहाजाला वर ढकलतं तेव्हा मजला पायांना रेटतो आणि वजन जाणवतं. इंजिन बंद झालं की वजन गायब. मग बुटातली चुंबकं चालू करून टकटक करत चालायचं. डॉनेजरचं इंजिन कधी बंद पडलं हे कोणी बोलून सांगत नाही, शेडच्या रक्ताचे थेंब हवेत तरंगायला लागतात त्यावरून कळतं.

*मृण्मयी (ए-३०२):* तो क्षण! मी संकलनाचं काम करते, त्यामुळे मला ते फार भिडलं. आधी रक्त भोकांकडे ओढलं जातं, मग तरंगतं. एक शब्द न बोलता दोन माहित्या दिल्या: हवा कुठे चाललीय, आणि इंजिन गेलं. संजय दादा, तुम्ही म्हणता गोळीबार लवकर हवा होता, पण त्या आधीच्या चौकशीशिवाय शेवट इतका लागला नसता असं मला वाटतं.

*संजय दादा (सी-५०५):* कसं काय?

*मृण्मयी (ए-३०२):* होल्डनने सगळ्या जगाला संदेश पाठवून बोट कुणाकडे दाखवलं? मंगळाकडे. कँटरबरी तुम्हीच उडवलंत म्हणून. आणि आता तोच माणूस जिवंत बाहेर पडायला हवा, मंगळाने हे केलेलं नाही असं सांगायला, म्हणून मंगळाचे सैनिक त्याच्यासाठी मरतायत. लोपेझ आधी त्याच्या डोक्यात शिरायला बघतो आणि शेवटी त्याला वाचवताना जातो. पळापळीत त्यांच्यात फारसं बोलणंही होत नाही. ते आधी बसून बोलले होते म्हणून ते मरण जड वाटतं. माझी तक्रार असलीच तर मधेच सेरेस या बटुग्रहावरच्या वसाहतीत, पोलीस मिलरकडे जाण्याबद्दल. मिलर मला आवडतो, पण श्वास रोखलेला असताना तिकडे नेऊन सोडलं की पकड ढिली होते.

*निनाद (टोरांटो):* मृण्मयी, इथे मी असहमत. मिलरकडे गेल्यामुळे ही मारामारी किती लांबवर लोकांना भोवणार आहे ते कळतं. सेरेसवर पाण्याचा तुटवडा, आणि कँटरबरी बर्फच तर आणत होतं. बाय द वे, मालिकेचं चित्रीकरण आमच्या टोरांटोतच व्हायचं, पाइनवुड स्टुडिओत. इथल्या चाहत्यांना त्याचा भारी अभिमान.

*मृण्मयी (ए-३०२):* कारण पटतं, जागा पटत नाही. तेच पाच मिनिटं आधी दाखवा.

*सर (सी-१०१):* सेरेसवरून आठवलं. ही मालिका सुरू झाली २०१५ च्या शेवटी, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये नासाचं डॉन यान खऱ्या सेरेसभोवती फिरू लागलं होतं. आणखी एक: मालिकेची धुरा सांभाळणारे नरेन शंकर हे भारतीय वंशाचे, कॉर्नेल विद्यापीठातून भौतिकशास्त्र-अभियांत्रिकीत पीएचडी केलेले. पडद्यावर गणित चुकत नाही त्याचं एक कारण तिथे आहे.

*शैला काकू (बी-२०३):* आणि ती अवसरला! साडी काय नेसते, बोलते काय, अख्ख्या संयुक्त राष्ट्रसंघाला धाकात ठेवते. मला ती बाई फार आवडली.

*संजय दादा (सी-५०५):* कॅप्टन काका, रेलगन खरंच असते का हो?

*कॅप्टन काका (ए-६०१):* असते. दारूगोळ्याऐवजी विजेच्या जोरावर गोळा फेकायचा. अमेरिकन नौदलाने डिसेंबर २०१० मध्ये डालग्रेनला ३३ मेगाजूलचा बार काढला होता. पण नळी फार लवकर झिजते, वीज अफाट लागते. २०२१ मध्ये त्यांनी ते काम थांबवलं.
पण मला शेवटाबद्दल बोलायचंय. शत्रू जहाजात घुसलाय, वरपर्यंत पोचलाय, तेव्हा याओ स्वतःचं जहाज स्वतः उडवते. हे नाटकी वाटलं असेल कोणाला, तर ते तसं नाही. १९१९ च्या जूनमध्ये स्कापा फ्लो इथे ताब्यात असलेल्या जर्मन ताफ्याने स्वतःची ५२ जहाजं बुडवली, ब्रिटिशांच्या हाती लागू नयेत म्हणून. डिसेंबर १९३९ मध्ये माँटेव्हिडिओबाहेर ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेच्या कप्तानाने तेच केलं. जहाज शत्रूला मिळू द्यायचं नाही हा जुना नियम आहे.

*कॅप्टन काका (ए-६०१):* आणि कप्तान जहाजावरच राहिला म्हटलं की आम्हा लोकांना कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आठवणारच. ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. मुल्लांनी लोकांना बाहेर काढलं, स्वतः जहाज सोडलं नाही. तिथे शत्रूच्या पाणबुडीने जहाज बुडवलं होतं, इथे याओ स्वतः उडवते, तेव्हा प्रसंग वेगळे. पण याओच्या चेहऱ्यावर शेवटी जो निश्चय दाखवलाय तो त्या नटीने अगदी खरा उभा केलाय. सुरुवातीची तिची चूक मी वर लिहिली, आता हेही लिहितो.

*शैला काकू (बी-२०३):* 🙏🙏

*सर (सी-१०१):* 🙏

*निनाद (टोरांटो):* काका, सलाम.

*सोहम (बी-४०४):* आणि टाची, ते निसटतात ते छोटं लढाऊ जहाज! अॅलेक्स ज्या क्षणी चालकाच्या खुर्चीत बसतो, त्याचा आवाजच बदलतो. इतका वेळ बर्फवाहू जहाज हाकणारा साधा माणूस, पण मंगळाच्या नौदलात घडलेला. गोळीबार करत त्या बंद गोदीतून बाहेर पडतात तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

*संजय दादा (सी-५०५):* तिथे मीही! शेजारच्यांनी भिंत ठोकली. 😂 एवढी चांगली मालिका आपल्याकडे कोणाला माहीतच नाही कशी?

*निनाद (टोरांटो):* दादा, ती बंदच पडली होती. मे २०१८ मध्ये सायफाय वाहिनीने तिसऱ्या पर्वानंतर सोडून दिली. चाहत्यांनी लाखाच्या वर सह्या गोळा केल्या, पैसे काढून अॅमेझॉनच्या स्टुडिओवरून फलक लावलेलं विमान उडवलं. त्याच महिन्यात जेफ बेझोसने स्वतः जाहीर केलं की मालिका पुढे चालणार. एकूण सहा पर्वं झाली, जानेवारी २०२२ पर्यंत. लोकांनी जीव लावून वाचवलेली गोष्ट आहे ही.

*मृण्मयी (ए-३०२):* अशा भागासाठी मीही सही केली असती.

*संजय दादा (सी-५०५):* सोहम, आता खरं सांग. ती हल्ला करणारी जहाजं कोणाची? मंगळाची नाहीत, पृथ्वीची वाटत नाहीत, लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या लोकांकडे एवढा पैसा नाही.

*सोहम (बी-४०४):* नाही सांगणार. 🤐

*सर (सी-१०१):* मी पैज लावतो, पृथ्वीवरच्याच कोणाचा तरी पैसा आहे.

*कॅप्टन काका (ए-६०१):* जहाज बांधायला गोदी लागते सर. एवढ्या मोठ्या गोदीची कुठेतरी नोंद असणारच. मालिकेने ते दाखवलं तर मानलं.

*सोहम (बी-४०४):* काका, मी गप्प बसलोय. 🤐🤐 आज पाचवा भाग, साडेनऊला?

*शैला काकू (बी-२०३):* मी येते. पण आत्ताच लिहून ठेवते: पाचव्या भागात त्या चौघांपैकी एकानेही शेडचं नाव घेतलं नाही, तर उद्या सकाळी इथे सर्वांत आधी मी बोलणार आहे.