फ्लॅटच्या बाल्कनीत साडेचार वर्षांच्या मुलासोबत किल्ला कसा करायचा?

सोनचाफा

नमस्कार मंडळी, दिवाळीला अजून बारा-तेरा दिवस आहेत आणि आमच्याकडे आत्तापासून एकच घोषा चालू आहे, आई किल्ला कधी, आई किल्ला कधी. मुलगा साडेचार वर्षांचा आणि धाकटी नुकती दोनची झालीये. राहतो चौथ्या मजल्यावर, खाली सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक त्यामुळे माती बघायलाही मिळत नाही. बाल्कनी आहे चार बाय आठची, त्यातही एका कोपऱ्यात वॉशिंग मशीन. मागच्या वर्षी बाजारातून रंगवलेला तयार किल्ला आणला होता, पोराने दोन दिवस मावळे वरखाली केले आणि तिसऱ्या दिवशी त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वर्षी त्याच्या हाताने होऊ दे, कसाही होऊ दे.

पण मला स्वतःला येत नाही हो. आमच्या वाड्यात किल्ला म्हणजे दादा लोकांचं काम, आम्हा मुलींना फक्त बादलीने पाणी आणायला लावायचे. तर माती कुठून आणायची, बाल्कनीत चिखल झाला तर पाणी खालच्यांच्या गॅलरीत जाईल का, साडेचारच्या मुलाला यातलं काय काय जमतं, आणि धाकटी दिसेल ते तोंडात घालते तिचं काय करू? किल्ला झाल्यावर उरलेल्या सुट्टीत घरच्या घरी करण्यासारखं काही असेल तर तेही सांगा, फार सामान लागणारं नको.

गडवाट_सातारा

ताई, चार बाय आठ म्हणजे भरपूर जागा आहे, आमच्या नातवाने गेल्या वर्षी खिडकीच्या कट्ट्यावर केला होता.

माती नर्सरीत मिळते, लाल माती म्हणून मागा, दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या पुरतात कारण आतून किल्ला पोकळच ठेवायचा असतो. आधी जमिनीवर ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक घाला आणि त्याच्या कडा चारी बाजूंनी विटांवर नाहीतर वर्तमानपत्राच्या गुंडाळ्यांवर उचलून ठेवा, म्हणजे परातीसारखं होतं आणि पाणी बाहेर जात नाही. मोरीच्या जाळीवर जुनं फडकं दाबून ठेवा हे मात्र विसरू नका, माती एकदा पाइपात गेली की प्लंबरच बोलवावा लागतो.

मग सांगाडा. उपडी बादली, तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, दोन डबे, कमीजास्त उंचीवर मांडा. पुठ्ठ्याची खोकी घेऊ नका, ओली झाली की बसतात. वाण्याकडून एक गोणपाट आणा, मातीचा डोशाच्या पिठाइतका पातळ काला करा आणि गोणपाट त्यात बुडवून सांगाड्यावर पांघरा. चुण्या पडतात त्या पडू द्या, त्याच डोंगराच्या घळी दिसतात. एक रात्र वाळू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी वर हाताने घट्ट माती थापायची.

काला कालवणं हे पूर्ण मुलाचं काम, त्यात तुम्ही हात घालू नका. आइस्क्रीमच्या काड्यांच्या पायऱ्या, टिश्यू रोलच्या नळ्यांचे बुरुज (वरून माती लिंपायची), काट्याचमच्याने तटबंदीवर दगडांच्या रेघा, हे सगळं त्या वयाला जमतं. गुहा एक तरी हवीच, वाघ कुठे बसणार नाहीतर.

अळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा.

मालवणची_माई

गो बाय, डोंगरी किल्लो जमत नाय तर जलदुर्ग कर! मी खरंच सांगते, लहान पोरांना पाण्यातला किल्ला जास्त आवडतो. मोठी परात किंवा बाळाचा अंघोळीचा जुना टब घे, मधोमध दगड आणि मातीचं बेट, त्याच्या कडेने नागमोडी तट आणि भोवती पाणी की झाला सिंधुदुर्ग. कागदाच्या होड्या सोडायला समुद्रही तयार. माती टबातच राहते त्यामुळे बाल्कनी खराब व्हायचा प्रश्नच नाही.

आमच्या मालवणच्या किल्ल्याचं बांधकाम महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केलं, कुरटे बेटावर. मुलाला दोन गोष्टी नक्की सांग. एक म्हणजे दरवाजा समोरून दिसतच नाही, तट असा वळवलाय की अगदी जवळ गेल्याशिवाय कळत नाही आत कुठून जायचं. तर त्याला म्हणावं तुझा दरवाजा असा लपव की बाबांना सापडला नाही पाहिजे, बघ कसा तास-तास बसतो ते. आणि दुसरी म्हणजे चारी बाजूंनी खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्यांची नावं दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. बाटलीची तीन झाकणं मातीत दाबायची आणि पाणी भरायचं, झाल्या विहिरी. माझ्या नातीने साखरबावेत खरोखर साखर घातली, मग मुंग्या आल्या आणि तिला त्याचाही आनंद.

किल्ल्यात महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा चुन्यात उमटलेला आहे, तो दाखवतात. म्हणून आम्ही दरवर्षी ओल्या मातीच्या थापीवर पोरांचे पंजे उमटवून घेतो आणि वाळले की जपून ठेवतो. पाच वर्षांचे पाच पंजे ओळीने मांडलेले आहेत माझ्या कपाटात, बघताना डोळे भरून येतात.

बालवाडीताई

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले. मी बालवर्गाला शिकवते म्हणून धाकटीबद्दल आणि एकूणच थोडं लिहिते.

साडेचारचं मूल एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटं टिकलं तरी खूप, त्यामुळे किल्ला एका रविवारी उरकायचा असं ठरवू नकोस, रोज थोडा थोडा चार-पाच दिवस चालू दे. आणि त्याने बुरुज वाकडा लावला तर तो रात्री गुपचूप सरळ करू नकोस गं. मुलांना सकाळी बरोब्बर कळतं, आणि मग ती म्हणतात "आई तूच कर". आपला हात आवरणं हाच यातला सगळ्यात कठीण भाग आहे, मला वर्गातही रोज जड जातं.

धाकटीला माती नको, कणकेचा गोळा दे. दोन वाट्या कणीक किंवा मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी, पाऊण वाटीपासून सुरुवात कर. अर्ध्यात हळद, अर्ध्यात बीटाचा रस. चाखला तर खारट लागून थुंकतेच, पण मीठ भरपूर असतं त्यामुळे समोर बसूनच खेळवायचं, खाऊ द्यायचं नाही. त्याच गोळ्याचे मोठ्याला मावळे करू दे, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळले की टणक होतात. दमट हवेत परत मऊ पडतात म्हणून डब्यात ठेव. विकतचे छोटे मावळे आणि तोफा मात्र धाकटीच्या हाताला येतील अशा ठेवू नकोस, घशात अडकतात.

बाकी सुट्टीसाठी भेंडीचे ठसे. भेंडी आडवी कापली की फूल, कांदा अर्धा कापला की वर्तुळात वर्तुळ, फ्लॉवरचा तुरा उभा कापला की झाड. ताटलीत स्पंजवर पोस्टर कलर ओतून त्यावर ठसा दाबायचा, थेट रंगात बुडवला तर सगळं फराटतं. घरी आलेल्या पार्सलच्या खाकी कागदावर ठसे उठवले की तोच कागद फराळाचे डबे देताना गुंडाळायला होतो. पिंपळाचं पान असेल तर मागच्या बाजूला रंग लावायचा, शिरा सुंदर उठतात.

सोनचाफा

किती छान लिहिलंय सगळ्यांनी! रात्री गुपचूप सरळ करण्याबद्दल वाचलं आणि थांबलेच, मागच्या वर्षी आकाशकंदिलाचं मी तेच केलं होतं.

माईंचा सिंधुदुर्ग फायनल, नवऱ्यालाही आवडला. एक शंका, अळीवच का? मोहरी घरात आहे ती चालेल का, आणि आधी भिजवायची का?

गडवाट_सातारा

मोहरी सपाट जागेवर चालते, उतारावरून घरंगळते. अळीव ओला झाला की चिकट होतो आणि उभ्या तटालाही धरून बसतो म्हणून तो लावायचा. भिजवू अजिबात नका, गोळा होतो नुसता. माती ओली करून वरून कोरडाच भुरभुरायचा, मीठ भुरभुरतो तसा. पहिला दिवस ओलं फडकं झाकायचं, नंतर सकाळ-संध्याकाळ स्प्रेने पाणी. दोन-तीन दिवसांत मोड आणि पाच-सहा दिवसांत हिरवंगार. तांब्याने पाणी ओतलं तर सगळा अळीव खाली वाहून येतो, तेव्हा स्प्रेची बाटली मुलाच्याच हातात द्या.

इझारकाठ

आम्ही म्युनिकमध्ये. इथे बालवाडीत ईस्टरच्या सुमारास मुलं कापसावर "क्रेस" उगवतात आणि लोणी लावलेल्या पावावर घालून खातात. लेक पहिल्या वर्षी तो ट्रे घरी घेऊन आली आणि बघते तर आपला अळीव! तेव्हापासून किल्ल्यासाठी अळीव सुपरमार्केटमधूनच आणतो. ऑक्टोबरमध्ये बाहेर थंडी असते म्हणून किल्ला हॉलच्या खिडकीत, हीटरपासून जरा लांब, नाहीतर माती तडकते. भारतातून एकदाच आणलेले महाराज आहेत, ते दरवर्षी सगळ्यात शेवटी लेकच सिंहासनावर ठेवते.

महाराष्ट्र-तमिळनाडूतले मराठ्यांचे बारा किल्ले २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले ना, त्यात सिंधुदुर्गही आहे, तेव्हा अगदी योग्य निवड :)

सोनचाफा

दिवाळी झाली, सांगायला आलेय.

किल्ला पाच दिवस चालला. बेट सारखं ढासळत होतं, तिसऱ्या दिवशी त्यानेच शोधून काढलं की खाली खडे आणि वर माती घातली की टिकतं. दरवाजा इतका लपवला की आजोबांना खरंच सापडला नाही, त्यांना हात धरून दाखवला. विहिरींत साखरबावेत साखर (मुंग्या आल्या माई!), दूधबावेत दूध घातलं ते मात्र दुसऱ्या दिवशी वास आला म्हणून बदलावं लागलं. अळीव धाकटीने पेरला, एकाच जागी मूठभर, त्यामुळे एका बुरुजावर दाट जंगल आणि बाकी तट बोडका. मला फार वाटत होतं थोडा पसरावा, पण नाही पसरवला.

मावळे कणकेचे, पिवळे आणि गुलाबी. एकाला तीन हात आहेत, तो म्हणतो एक हात ढालीचा, एक तलवारीचा आणि एक आईला टाटा करायला.

तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवणार आहोत, मग माती कुंड्यांत. पंजे दोघांचे घेतलेत, खिडकीत वाळतायत.