मदत हवी आहे : आईच्या पंचाहत्तरीसाठी साठच्या दशकातील गाण्यांची प्लेलिस्ट

मेघना_कोथरूड
नमस्कार. आईच्या पंचाहत्तरीनिमित्त तिच्या शाळा-कॉलेजच्या काळातील, म्हणजे १९६० ते १९६९ या वर्षांतील गाण्यांची प्लेलिस्ट मी तयार करते आहे. गाणी वर्षाच्या क्रमाने लावावीत अशी इच्छा आहे. परंतु ॲपमध्ये एका गाण्याखाली १९९७, तर दुसऱ्याखाली २०११ असे वर्ष दिसते आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. यादीचा दुवा नातेवाइकांना पाठवला, तर कोणाला गाणी भलत्याच क्रमाने ऐकू येतात आणि कोणाकडे ती उघडतच नाहीत. शिवाय गाणी डाउनलोड केली असूनही ती पेनड्राइव्हवर घेता येत नाहीत. कार्यक्रम येत्या रविवारी आहे. कृपया थेट उपाय सांगावा. जुन्या संगीताची थोरवी मला मान्यच आहे, त्यामुळे तिच्यावरील चर्चा इथे नको.

विनायक_औंध
मेघनाताई, उपाय सांगता येईल, पण त्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. ॲप कोणते आहे आणि आपण ते पैसे भरून वापरता की विनाशुल्क? गाणी मराठी आहेत की हिंदी? नातेवाईक ती आपापल्या घरी ऐकणार आहेत, की सर्वांनी कार्यक्रमात एकत्र ऐकायची आहेत? या दोन्हींची उत्तरे अगदी वेगळी आहेत.

पेठकर
इतका खटाटोप कशासाठी करायचा? सारेगामाचा मराठी गाण्यांचा कारवां, म्हणजे आधीच गाणी भरलेला रेडिओसारखा संच, विकत आणावा आणि आईंच्या हाती द्यावा. माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही तोच दिला. तिला मोबाइलमधले काही जमत नाही, पण बटण फिरवून ती दिवसभर गाणी ऐकते. लक्ष्मी रोडच्या परिसरात चौकशी केली तर सहज मिळेल.

ध्वनिवेध
पेठकर काका, कारवां ही भेट म्हणून चांगली वस्तू आहे, परंतु त्यात आधीपासून भरलेली गाणी आपल्याला हवी तशी निवडून वर्षाच्या क्रमाने लावता येत नाहीत, आणि मेघनाताईंना नेमके तेच करायचे आहे.

आता वर्षाविषयी. ॲपमध्ये दिसते ते बहुधा गाण्याचे वर्ष नसून, कंपनीने ते गाणे ज्या संग्रहात पुन्हा प्रसिद्ध केले त्या संग्रहाचे वर्ष असते. ही गाणी आधी तबकड्यांवर आली, मग कॅसेटवर, मग सीडीवर आणि अखेर डिजिटल स्वरूपात; प्रत्येक टप्प्यावर ‘निवडक’, ‘अविस्मरणीय’ अशा नावांचे नवे संग्रह निघत गेले आणि मूळ वर्ष मागे पडले. म्हणून चित्रपटगीतांसाठी चित्रपटाचे वर्ष प्रमाण मानावे. ‘एक धागा सुखाचा’ हे ‘जगाच्या पाठीवर’मधील, म्हणून १९६०. ‘देव जरी मज कधी भेटला’ हे ‘मोलकरीण’मधील, म्हणून १९६३. ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे ‘पाठलाग’मधील आणि ‘सोळावं वरीस धोक्याचं’ हे ‘सवाल माझा ऐका’मधील, दोन्ही १९६४ ची. ‘ऐरणीच्या देवा तुला’ १९६५ च्या ‘साधी माणसं’मधील, तिथे संगीतकार म्हणून आनंदघन हे नाव दिसेल, ते लता मंगेशकर यांनीच घेतलेले नाव आहे. ‘या चिमण्यांनो परत फिरा रे’ १९६८ च्या ‘जिव्हाळा’मधील आणि ‘सांग कधी कळणार तुला’ १९६९ च्या ‘अपराध’मधील. गीतकार, संगीतकार, गायक आणि चित्रपट ताडून पाहण्यासाठी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ वापरावे.

भावगीतांचे काम अधिक अवघड असते, कारण त्यातील कितीतरी गाणी आधी आकाशवाणीवरून प्रसारित झाली आणि तबकडी नंतर निघाली. त्यांचे नेमके वर्ष शोधत बसू नये. दशकाचा आरंभ, मध्य आणि अखेर असे तीन गट करावेत.

मेघना_कोथरूड
धन्यवाद, वर्षाचा उलगडा झाला. गाणी अर्थातच मराठी आहेत, थोडी हिंदी. बाकी दोन प्रश्नांचे उत्तर कोणी देईल का?

विनायक_औंध
ॲप विनाशुल्क आहे का, हे आपण अजून सांगितलेले नाही.

नाट्यवेडा
वरील यादीत नाट्यगीते एकही नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटले. साठच्या दशकात मराठी संगीत रंगभूमीला पुन्हा बहर आला होता. १९६० मध्ये ‘पंडितराज जगन्नाथ’, १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’, १९६६ मध्ये ‘ययाति आणि देवयानी’, १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’. पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी दिलेल्या चाली वगळून हे दशक उभेच राहू शकत नाही. ‘गुंतता हृदय हे’ आणि ‘गर्द सभोती’ ही दोन पदे तरी घ्यावीतच.

मात्र ‘कट्यार’मधील पदे निवडताना फार जपावे लागते. शोध घेतला की २०१५ च्या चित्रपटातील गायन सर्वात वर येते. ते गायन उत्तम आहे, पण आपल्याला डॉ. वसंतराव देशपांडे यांचा आवाज हवा आहे. त्यातही मैफलीतील ध्वनिमुद्रण दीर्घ असते, तर तबकडीवरचे पद तीन-साडेतीन मिनिटांत आटोपलेले असते, कारण मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर त्याहून फारसे मावत नसे. प्लेलिस्टमध्ये तबकडीचीच आवृत्ती घ्यावी, नाहीतर दोन भावगीतांच्या मध्ये अचानक मोठी मैफल सुरू होते.

श्रुती_एरंडवणे
आवृत्तीचा मुद्दा फक्त नाट्यगीतांपुरता नाही. जुन्या हिंदी गाण्यांवर नंतरच्या काळात ढोलक आणि ताल चढवून ‘झंकार’ या नावाने आवृत्त्या काढल्या गेल्या, आणि त्या अजूनही शोधात मूळ गाण्याच्या शेजारीच येतात. ‘शुक्रतारा मंदवारा’ घेताना अरुण दाते यांच्यासोबत सुधा मल्होत्रा यांचे नाव आहे की नाही ते पाहावे, कारण अरुण दाते यांनी कार्यक्रमांतून हे गाणे पुढे अनेक गायिकांसह गायले. ज्या माणसाने रेडिओसमोर बसून ते गाणे ऐकले आहे, त्याला पहिल्या दोन स्वरांतच फरक कळतो. माझ्या सासऱ्यांसाठी यादी करताना हे मी स्वतः अनुभवले आहे.

यादी नुसती वर्षवारीने लावू नये, असेही माझे मत आहे. १९६४ ची एकाच प्रकारची गाणी लागोपाठ आली की कान थकतो. लावणीनंतर भावगीत, त्यानंतर एखादे युगुलगीत, असा फेर असावा.

मेघना_कोथरूड
होय, विनाशुल्क ॲप आहे. प्रत्येकाचा फोन वेगळा आहे. एक मावशी सांगलीला असते, एक मामा अमेरिकेत आहे. कार्यक्रम कर्वेनगरच्या एका सभागृहात आहे आणि तिथला ध्वनिव्यवस्थेचा माणूस पेनड्राइव्ह मागतो आहे. ‘इंद्रायणी काठी’, ‘बुगडी माझी सांडली गं’ आणि गीतरामायणातील दोन गीते मी आधीच घेतली आहेत. ती साठच्या दशकातलीच ना?

ध्वनिवेध
नाहीत. ‘इंद्रायणी काठी’ हे १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’मधील आहे. ‘बुगडी’ १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मधील आहे. गीतरामायणाचे प्रसारण पुणे आकाशवाणीवरून १९५५ च्या रामनवमीला सुरू झाले. आज आपण बहुधा सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील गीतरामायण ऐकतो, मूळ प्रसारणात मात्र अनेक गायक-गायिका होत्या. म्हणजे इथेही आवृत्तीचा प्रश्न आहेच. यादीच्या शीर्षकात १९६०-६९ असे लिहायचे असेल, तर ही गाणी काढावीत.

श्रुती_एरंडवणे
ध्वनिवेध यांच्याशी मी सहमत नाही. मेघनाताईंच्या आईंचा जन्म १९५० च्या सुमाराचा असणार. दहा वर्षांच्या मुलीने ‘बुगडी’ ऐकली ती १९६० नंतरच, आणि आयुष्यभर तिच्या लेखी ते गाणे त्याच काळाचे राहिले. ही यादी संग्रहालयासाठी नाही, एका व्यक्तीच्या आनंदासाठी आहे. प्रसिद्धीच्या वर्षापेक्षा ऐकण्याचे वर्ष इथे महत्त्वाचे आहे.

ध्वनिवेध
भावना समजते, परंतु मग सीमा कुठे आखायची? त्या न्यायाने सैगल यांची गाणीही येतील, कारण तीही त्या वेळी रेडिओवर लागतच होती. उलट बाजूनेही अडचण येते. ‘पाकीजा’ प्रदर्शित झाला १९७२ मध्ये, पण त्यातील गीतांना चाली देणारे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच निवर्तले. म्हणजे त्या चाली १९६८ च्या आधीच्याच आहेत, तरी ऐकणाऱ्यांपुढे त्या चित्रपटाबरोबरच आल्या. म्हणून मी एकच नियम पाळतो : चित्रपट किंवा तबकडी ज्या वर्षी लोकांपुढे आली, ते वर्ष. ‘मुंबईचा जावई’मधील ‘प्रथम तुज पाहता’ मला अतिशय प्रिय आहे, पण चित्रपट १९७० चा असल्याने माझ्या यादीत ते नाही. मेघनाताईंनी हवे तर ‘आईने लहानपणी ऐकलेली’ असा वेगळा छोटा विभाग सुरुवातीला करावा आणि १९५९ पर्यंतची गाणी तिथे ठेवावीत.

श्रुती_एरंडवणे
वेगळा विभाग केला तर माझी हरकत नाही.

पेठकर
तबकड्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. नारायण पेठेत आमच्या घरी वडिलांनी जमवलेल्या तबकड्या तळमजल्यावर होत्या, आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा त्या सगळ्या चिखलात गेल्या. नंतर वडील जुन्या बाजारात जाऊन एकेक तबकडी पुन्हा शोधत. मेघनाताईंना जुनी तबकडी भेट द्यावीशी वाटली, तर जुन्या बाजारात जरूर पाहावे. मात्र घेण्यापूर्वी ती उजेडात तिरपी धरून चरे आहेत का ते तपासावे, आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी सुई वेगळी लागते हे लक्षात ठेवावे.

कायदा_वाचक
एक महत्त्वाची बाब कोणीच मांडलेली नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाची मुदत २०२४ च्या अखेरीस संपली. परंतु शब्द आणि चाल यांवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ग. दि. माडगूळकर यांचे निधन १९७७ मध्ये झाले. त्यांच्या गीतांवरील हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. त्यामुळे ध्वनिमुद्रण मुक्त झाले तरी गाणे मुक्त झाले असे समजू नये.

विनायक_औंध
माहिती उपयुक्त आहे, पण नातेवाइकांना मेघनाताई गाण्याच्या प्रती वाटत नसून केवळ दुवा पाठवत आहेत, त्यामुळे तेवढ्यापुरता तरी तो प्रश्न त्यांच्यापुढे नाही. आता सर्व तपशील मिळाले आहेत, म्हणून क्रमाने सांगतो.

डाउनलोड केलेली गाणी पेनड्राइव्हवर न जाण्याचे कारण असे, की ॲपमधील डाउनलोड कुलूपबंद असते आणि ते त्याच ॲपमध्ये वाजते. ते दुसरीकडे नेण्याच्या युक्त्यांमागे लागू नये. सभागृहासाठी ॲपची एका महिन्याची वर्गणी भरावी, यादी फोनवर ऑफलाइन उतरवून ठेवावी, ‘शफल’ (गाणी उलटसुलट क्रमाने वाजवण्याची सोय) बंद करावे आणि फोन तारेने ध्वनियंत्रणेला जोडावा. तुमच्या फोनला हेडफोनचे छिद्र नसेल, तर लागणारा जोड आजच आणावा. ब्लूटूथवर विसंबू नये, कारण जोडणी मध्येच तुटू शकते; शिवाय कोणाचा फोन आला की गाणे थांबते, म्हणून फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा. पेनड्राइव्हच द्यायचा असेल, तर घरात असलेल्या सीडींवरून गाणी एमपी३ स्वरूपात घ्यावीत आणि प्रत्येक फाइलच्या नावाच्या आरंभी ००१, ००२ असे आकडे घालावेत, कारण बहुतेक यंत्रे नावाच्या किंवा साठवणीच्या क्रमाने वाजवतात. म्हणून फाइली त्याच क्रमाने पेनड्राइव्हवर टाकाव्यात. जुन्या ध्वनिमुद्रणांचा आवाज कमीजास्त असतो, तोही आधी समान करून घ्यावा.

नातेवाइकांसाठी यूट्यूबवर वेगळी प्लेलिस्ट करावी आणि ती ‘अनलिस्टेड’ ठेवावी. दुवा ज्याच्याकडे आहे त्याला ती खाते न उघडता ऐकता येते. विनाशुल्क संगीत-ॲपमध्ये बहुधा खाते उघडावे लागते आणि यादीचा क्रम पाळला जाईलच असे नसते. तुमच्या नातेवाइकांची अडचण तीच असावी. यूट्यूबवर जाहिराती लागतील, त्याला इलाज नाही. गाणी कंपनीच्या अधिकृत वाहिनीवरूनच निवडावीत. कोणी खासगीरीत्या चढवलेले गाणे काढून टाकले गेले, तर ते यादीतून गुपचूप नाहीसे होते. काही गाणी परदेशात दिसत नाहीत, म्हणून अमेरिकेतील मामांकडून यादी आधी एकदा तपासून घ्यावी.

नाट्यवेडा
आणि नाट्यगीतांचे काय ठरले?

मेघना_कोथरूड
विनायक, ध्वनिवेध आणि श्रुतीताई, मनःपूर्वक आभार. सभागृहासाठी वर्गणी भरून फोन तारेने जोडायचे ठरवले आहे आणि यूट्यूबवरची यादी आज रात्री करते. १९५९ पर्यंतची गाणी सुरुवातीला वेगळ्या विभागात घेते आहे. ‘गुंतता हृदय हे’ घेतले आहे. पेठकर काका, तबकडीची कल्पना आईच्या पुढच्या वाढदिवसासाठी जपून ठेवते. एक शेवटची शंका : ‘संथ वाहते कृष्णामाई’ हे आईचे अत्यंत आवडते गाणे आहे, कारण तिचे माहेर सांगलीचे. ॲपमध्ये गायक म्हणून सुधीर फडके आणि वर्ष २००५ दिसते. मूळ हेच का?

ध्वनिवेध
हेच मूळ आहे. त्याच नावाच्या १९६७ च्या चित्रपटातील गीत, शब्द ग. दि. माडगूळकर यांचे, संगीत दत्ता डावजेकर यांचे आणि आवाज सुधीर फडके यांचा. ते ‘साधी माणसं’ आणि ‘जिव्हाळा’ यांच्यामध्ये ठेवावे.